‘शोले’ आज पहिल्यांदाच लागला असता, तर चालला असता का?

तिसरी घंटा

मंडळी, आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबने या सत्रासाठी ‘पडद्यावरची हिंसा’ हा विषय घेतलाय. मुलांकडून यादी आली: ‘अ‍ॅनिमल’, ‘किल’, ‘जॉन विक’. त्यात मी ‘शोले’ घातला, तर शेवटच्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण त्यात हिंसा कुठेय?"

ती मुद्दाम खोचकपणे विचारत नव्हती. लहानपणापासून तिने तो टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलाय. तिच्या लेखी तो जय-वीरूच्या दोस्तीचा, बसंतीच्या बडबडीचा आणि घरातल्या सगळ्यांना पाठ असलेल्या संवादांचा सिनेमा आहे. कोणा कलाकाराच्या पुण्यतिथीला लागतो, दिवाळीला लागतो, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसून बघतात. मग त्यात हिंसा कशी असेल?

आणि १९७५ साली याच सिनेमातल्या हिंसेवर सेन्सॉर अडून बसलं होतं. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. ठाकूर गब्बरला खिळे ठोकलेल्या बुटांनी चिरडतो आणि शेवटी मारून टाकतो, हा मूळ शेवट त्यांना चालला नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो म्हणजे काय! म्हणून ऐनवेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. पन्नास वर्षांत ‘फार हिंसक’पासून ‘हिंसा कुठेय’पर्यंत आपण आलो, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तर प्रश्न असा. समजा ‘शोले’ कोणी पाहिलेलाच नाही. एकही संवाद कोणाला पाठ नाही, गब्बर हे नाव कोणी ऐकलेलं नाही. आणि तो जसाच्या तसा येत्या शुक्रवारी लागला. ज्या प्रेक्षकाने ‘किल’मध्ये आग विझवायच्या नळकांड्याने डोकं चेचलेलं पाहिलंय, तो प्रेक्षक या सिनेमाने हलेल का? ‘अजरामर कलाकृती आहे’ असं कृपया लिहू नका, ते मलाही मान्य आहे. मला त्या शुक्रवारच्या प्रेक्षकाबद्दल ऐकायचंय.

इस्टमनकलर

माझं सरळ उत्तर: नाही चालणार. ‘शोले’वर जीव असलेला माणूस म्हणून हे लिहितोय.

पहिलं कारण डाकू. १९७२ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने माधोसिंग, मोहरसिंग अशा चंबळच्या नामचीन डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर तीनच वर्षांत ‘शोले’ आला. म्हणजे प्रेक्षक थिएटरात शिरताना डाकूची भीती सोबत घेऊनच येत होता. पन्नासच्या दशकात ग्वाल्हेरच्या बाजूला गब्बरसिंग नावाचा खराखुरा डाकू होता, पोलिसांची नाकं-कान कापायचा. सलीम खान यांचे वडील पोलीस खात्यात होते, त्यांच्याकडून ते नाव आणि ते किस्से आलेले. त्या काळच्या माणसाला रामगढची दहशत समजावून सांगावी लागत नव्हती. आजच्या विशीतल्या मुलाच्या भीतीत घोड्यावरून येणारा डाकू कुठेच नाही. त्याला त्या टोळीची भीती आधी निर्माण करून द्यावी लागेल, आणि सिनेमा ते काम करत नाही, कारण तेव्हा त्याची गरज नव्हती.

दुसरं कारण धंद्याचं. ‘शोले’ सुरुवातीला थंड होता. समीक्षकांनी झोडपला. निर्मात्याच्या गोटात तर जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा का, यावर खल झाला. शेवटी सोमवारपर्यंत थांबायचं ठरलं. मग वरळीच्या गीता थिएटरच्या मालकाने रमेश सिप्पींना धीर दिला तो किस्सा आहेच: मध्यंतरात माझं आइस्क्रीम आणि थंड पेयं खपत नाहीयेत, लोक सुन्न होऊन जागेवर बसून राहताहेत, तुमचा पिक्चर चालणार. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं होता. आता मला सांगा, आज ती सुन्नता ओळखायला कोण थांबेल? रविवारी रात्री आकडे येतात आणि मंगळवारपासून शो कमी होतात. तोंडी प्रसिद्धी पसरायला जे दोन-तीन आठवडे ‘शोले’ला मिळाले, ते आज कुठल्याच सिनेमाला मिळत नाहीत.

हिंसा ही तिसरी गोष्ट, आणि तिथे मला तुमच्या विद्यार्थिनीचं बरोबर वाटतं. ‘किल’ बघून आलेल्याला गोळी लागून घोड्यावरून पडणारे डाकू काहीच वाटणार नाहीत.

कातरकाम

ताई, मी संकलक आहे, मालिका आणि जाहिराती कापून पोट भरतो. त्यामुळे तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या टेबलावरून द्यायचंय.

ठाकूरच्या कुटुंबाची कत्तल आठवा. संवाद सगळ्यांना पाठ असतात, पण हा प्रसंग कसा कापलाय हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. अंगणात रोजची दुपार चाललेली. गोळीचा आवाज येतो, माणूस कोसळायला लागतो आणि कोसळता कोसळता चित्र गोठतं. पुन्हा गोळी, पुन्हा एक माणूस, पुन्हा चित्र गोठतं. गोळ्या कोण झाडतंय ते अजून दिसलेलं नाही. मग सगळं थांबतं आणि फक्त झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते. टेकाडावरून गब्बर खाली येतो, सावकाश. अंगणात एकच जण जिवंत उरलेला असतो, ठाकूरचा नातू. तो पळत नाही, रडत नाही. तो गब्बरकडे बघत उभा राहतो. गब्बर बंदूक उचलतो, गोळीचा आवाज होतो आणि त्या आवाजावर समोर येतं ते रेल्वेचं इंजिन. गाडी स्टेशनात येतेय. ठाकूर घरच्यांसाठी भेटवस्तू घेऊन उतरतोय.

मूल मेलेलं आपण पाहिलेलंच नाही. तरी हा सिनेमा पाहिलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की गब्बरने पोराला गोळी घातली ते मी पाहिलं. संकलकाने ती गोळी दोन शॉटच्या सांध्यात ठेवली आणि उरलेलं काम आपल्याकडून करून घेतलं.

पुढे ठाकूर घरी येतो. पांढऱ्या चादरी. एकेक चादर उचलून तो बघतो, शेवटी सगळ्यात लहान देहाशी येतो. तिथेही रक्ताचं थारोळं वगैरे काही नाही, वाऱ्याने चादरी उडताहेत इतकंच. हात तोडण्याचाही प्रसंग तसाच. गब्बर दोन्ही तलवारी उगारतो, आणि घाव पडायच्या आत आपण वर्तमानात परत येतो. ठाकूरच्या खांद्यावरची शाल वाऱ्याने उडून पडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. होळीच्या दिवशी वीरू अडचणीत असताना समोर पडलेली बंदूक ठाकूरने का उचलली नाही, हा सल आपण इतका वेळ बाळगून असतो. त्याचं उत्तर त्या एका शॉटमध्ये मिळतं. म्हणजे हिंसेचा धक्का पटकथेत आधीच पेरून ठेवलाय, आणि तो रक्ताशिवाय बसतो.

तीच गोष्ट अहमदची, आपल्या सचिन पिळगावकरांनी केलेल्या पोराची. गब्बर लोळत पडलाय, हातावर मुंगी फिरतेय, तो ती चिरडतो. त्यानंतर गावात येतो तो पोराचं प्रेत वाहून आणणारा घोडा. आणि कालियाचा प्रसंग, तोही आपलेच विजू खोटे. पिस्तुलात तीन गोळ्या, तीन माणसं, तिघंही वाचतात, सगळी टोळी हसायला लागते. ते हसणं किती लांबवलंय बघा. एवढं लांबवलंय की आपल्यालाही हसू फुटायला लागतं, आणि तेवढ्यात तिघंही मारले जातात. हसणाऱ्या प्रेक्षकाला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटते. ही माझ्या मते त्या सिनेमातली सगळ्यात क्रूर जागा आहे, आणि तीही पूर्णपणे वेळेच्या हिशोबावर उभी आहे.

हे सगळं कापणारा माणूस म्हणजे ‘एम. एस. शिंदे’ या नावाने श्रेयनामावलीत असलेले शिंदे. त्या वर्षी ‘दीवार’ने फिल्मफेअर गाजवलं आणि ‘शोले’च्या वाट्याला एकच पुरस्कार आला, तो संकलनाचा. अमजद खानना नाही, सिप्पींना नाही, शिंद्यांना. मराठी माणसांनी हे नाव खरं तर घरोघरी सांगायला हवं.

आता तुमचा शुक्रवारचा प्रेक्षक. लांबीची अडचण येईल असं म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की ‘शोले’ २०४ मिनिटांचा आहे आणि ‘अ‍ॅनिमल’ २०१. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असताना त्याने जगभरात नऊशे कोटींच्या वर धंदा केला. लोक बसतात. ‘किल’मध्येही नाव पडद्यावर यायला पाऊण तास जातो, कारण दिग्दर्शकाला ठाऊक आहे की त्या क्षणाआधीची आणि नंतरची हिंसा वेगळी आहे. म्हणजे वाट पाहायला लावायची कला मेलेली नाही, आणि प्रेक्षकाची ती क्षमताही मेलेली नाही.

मेलाय तो वरच्या मजल्यावरच्या लोकांचा प्रेक्षकावरचा विश्वास. मागे एका वेब मालिकेत बाप मुलाचं प्रेत ओळखायला जातो तो प्रसंग मी कापत होतो. चादर उचलली जाते तिथे मी बापाच्या चेहऱ्यावर गेलो आणि तिथेच राहिलो. वरून निरोप आला: प्रेत दाखवा, जवळून दाखवा, नाहीतर लोक फोन उचलतील. दाखवलं. मोजक्या लोकांना तो भाग दाखवला तेव्हा मी मागे उभा होतो. जखम पडद्यावर आली आणि ओळीच्या ओळीने माना खाली गेल्या. परत वर आल्या तोवर बापाचा चेहरा निघून गेला होता. त्या नटाने आयुष्यातलं उत्तम काम त्या चेहऱ्यावर केलं होतं आणि ते कोणी पाहिलंच नाही. मला त्याचा आजही त्रास होतो.

म्हणून इस्टमनकलर, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही. घोड्यावरून पडणारे डाकू आज काही वाटणार नाहीत, खरंय. ते तेव्हाही कोणाला फार वाटले नसतील. झोपाळा मात्र आजही तितकाच लागेल. उलट जास्त लागेल, कारण आजच्या प्रेक्षकाला पुढच्या क्षणी सगळं दाखवतील याची सवय आहे आणि इथे त्याला कोणी दाखवणार नाही.

ओसरी

कातरकाम, फार सुंदर लिहिलंय. पण आजच्या प्रेक्षकापैकी निम्म्या बायका असतील, त्यांच्या बाजूने थोडं.

बसंतीला बंदूक शिकवायच्या निमित्ताने वीरू जसा अंगचटीला जातो, ते आज थिएटरात खपणार नाही. टाकीवर चढून जीव द्यायची धमकी देऊन लग्नाला होकार मिळवणं, तेही नाही. माझ्या मुलींबरोबर बघताना त्या टाकीच्या प्रसंगाला त्या हसल्या नाहीत, एकमेकींकडे बघत राहिल्या. सुरमा भोपाली आणि इंग्रजांच्या जमान्याचे जेलर हे दोन्ही तुकडेही आज फार लांबलेले वाटतात. पहिल्या तासातली गळती इथे होईल, रक्तावरून नाही.

आणि हिंसेचं म्हणाल, तर मला कोणीही न मोजलेला प्रसंग सांगायचाय: काचांवरचा नाच. भर उन्हात, खडकावर, बाटल्या फोडून अंथरलेल्या काचा, आणि पाय थांबले की वीरू मेला अशी अट. ते गाणं म्हणून चित्रित केलंय, म्हणून आपण वर्षानुवर्षं गाणं म्हणून बघतो, रेडिओवर लावतो. एका बाईचे पाय रक्ताळेपर्यंत पुरुषांची टोळी तिला नाचवतेय. तुमच्या त्या विद्यार्थिनीला हे गाणं आवाज बंद करून दाखवा. ‘हिंसा कुठेय’ हा प्रश्न ती परत विचारणार नाही.

राधाबद्दलही एक. घरातले सगळे मारले गेले तेव्हा ती देवळात गेली होती म्हणून वाचली. होळीच्या आठवणीत तीच मुलगी रंग उधळत, बडबडत फिरताना दिसते, आणि आज वऱ्हांड्यातले दिवे मालवताना तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. गब्बरने तिला हातही लावलेला नाही. तिचं काय झालं ते बघायला आजचा प्रेक्षक तयार आहे का? मला वाटतं, तेव्हाच्यापेक्षा जास्त तयार आहे. जय तिच्यासाठी माउथऑर्गन वाजवतो ते सगळे प्रसंग आज कोणी लांबण म्हणणार नाही.

इस्टमनकलर

ओसरी, काचांच्या नाचाचं तुमचं म्हणणं पूर्ण पटलं, मी तो प्रसंग कधी असा पाहिला नव्हता.

कातरकाम, झोपाळा लागेल हे मान्य करू. पण झोपाळ्यापर्यंत प्रेक्षक पोचायला हवा ना? गब्बर पडद्यावर यायलाच तासाच्या वर जातो. घरी फोन हातात घेऊन बघणारा तोवर तीनदा उठलेला असतो. एक गोष्ट मात्र ‘शोले’च्या बाजूने आहे, ती मीच सांगतो. त्या काळात पॉलिडोरने या सिनेमाच्या गाण्यांबरोबर संवादांचीही रेकॉर्ड काढली आणि ती तुफान खपली. गल्लीत, लग्नात, हॉटेलात गब्बर वाजत होता. आज त्याच जागी रील असतील. ‘कितने आदमी थे’चा तुकडा शनिवारी सकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचेल. म्हणजे तीन आठवड्यांचं काम दीड दिवसात होऊ शकतं. तरी माझा कौल बदलत नाही. तुकडा बघून लोक तुकडाच मागतात. गब्बरचा तुकडा बघून आलेला माणूस त्याच्या आधीचा तास कसा काढणार, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

कातरकाम

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, फक्त ते सिनेमाबाहेरचं नाही. रेल्वेवरचा हल्ला. तो सुरुवातीलाच आहे आणि पनवेलजवळच्या रुळांवर खऱ्या गाडीवर चित्रित केलाय. घोडे, मालगाडी, लाकडाचे ओंडके, सगळं प्रत्यक्ष. आज संगणकावर असले प्रसंग बघून डोळे शिणलेल्या माणसाला गाडीवरून धावणाऱ्या माणसाचं वजन लगेच जाणवतं. परदेशी साहसदृश्य-दिग्दर्शक आणले होते ते यासाठीच. त्या पंधरा मिनिटांच्या जोरावर प्रेक्षक जेलरपर्यंत तग धरेल. जेलर मात्र मीही अर्ध्यावर आणला असता, ओसरींशी सहमत.

तिसरी घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांसमोर काय ठेवायचं ते आता मला बरंच स्पष्ट झालंय.

पूर्ण सिनेमा एका दुपारी दाखवणं जमणार नाही, तासिकांची अडचण आहे. म्हणून तीन भाग निवडतेय: कालिया आणि तीन गोळ्या, होळीच्या हल्ल्यापासून शाल पडेपर्यंतचा सलग भाग, आणि काचांवरचा नाच, आधी आवाज बंद ठेवून आणि मग आवाजासकट. त्यानंतर ‘किल’मधला एक प्रसंग. आधी काही बोलायचं नाही, पाहून झाल्यावर प्रत्येकाने आपण काय काय पाहिलं ते लिहून द्यायचं. नातवाला गोळी लागताना किती जण ‘पाहतात’ ते मला बघायचंय.

इस्टमनकलर, तुमचा डाकूंचा मुद्दा मी सुरुवातीला पाच मिनिटांत सांगेन, चंबळच्या शरणागतीच्या फोटोंसकट. तो नसेल तर मुलांवर अन्याय होईल असं मलाही वाटलं.

एकच शेवटचं विचारते. शेवट कोणता दाखवू? पोलीस येतात तो, की मूळचा?

कातरकाम

मूळचा. जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात पुनरुज्जीवित प्रत मूळ शेवटासह दाखवली, आणि डिसेंबरमध्ये तीच आपल्याकडे थिएटरांत लागली. त्याआधीही परदेशी व्हिडिओ कॅसेटवर तो शेवट अनेकांनी पाहिला होता.

कारण सांगतो. पोलीस येतात त्या शेवटात ठाकूरला थांबवलं जातं, म्हणून प्रेक्षकाला वाटत राहतं की थांबवलं नसतं तर बरं झालं असतं. मूळ शेवटात त्याला कोणी थांबवत नाही. ज्या खांबांना बांधून त्याचे हात तोडले होते, त्याच खांबांपाशी तो गब्बरला मारतो, आणि त्यानंतर संजीवकुमार हमसून हमसून रडतात. वीरू त्यांना धरून उभा. आनंद नाही, टाळी वाजवावी असं काही नाही. सेन्सॉरने हिंसा कापायला जाऊन नेमका तिचा परिणाम कापला. ‘अ‍ॅनिमल’ आवडणाऱ्या मुलांनी हे रडणं बघायलाच हवं, आणि त्यावर त्यांना काय वाटलं ते तुम्ही इथे येऊन लिहायला हवं.

आणि एक विनंती. लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नका. कॉलेजच्या सभागृहातले मोठे स्पीकर मिळवा, आवाज आधी तपासून घ्या. झोपाळ्याची करकर शेवटच्या रांगेपर्यंत पोचली पाहिजे.